बेट्टीचे काटे, बाळाचे वाळे

माझ्याबद्दल इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळींत दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली ही, की वसुधा भाव करायला बसली की समोरचा माणूस शेवटी वस्तू देतो, वर डबा देतो आणि गाडीपर्यंत पोचवायलाही येतो. ही खरी आहे. दुसरी ही, की याच वसुधाने तरुणपणी पाळण्यातल्या बाळाला दिलेले वाळे सोनाराकडे जाऊन परत मागितले. ही साफ खोटी आहे. पण खोट्या गोष्टीला पाय फार. ती एडिसनमध्ये जन्मली आणि माझ्या आधी फ्रिस्कोला पोचली, तिथे एका हळदीकुंकवात अनोळखी बाईने मला विचारलं, "म्हणजे त्या वाळ्यांच्या मावशी तुम्हीच का?" मी तिळगूळ तसाच ताटात ठेवून निघून आले. आज इतक्या वर्षांनी छातीवरचा तो दगड उतरला आहे, म्हणून हे शांतपणे लिहिता येतंय. नाहीतर पहिल्याच ओळीत मी कुणाचा तरी उद्धार केला असता.

मी मिरजेहून एडिसनला आले ती एकटीच. व्हिसाचे कागद घरातल्या सगळ्यांचे झाले होते, पण आई-बाबांना आजीच्या आजारपणामुळे मागे राहावं लागलं, आणि मला पुढे काकांकडे पाठवलं. काका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होते. घरात त्यांचा आवाज फक्त सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना ऐकू यायचा. बाकी सगळा आवाज काकूंचा. मिक्सर त्यांचा, फोन त्यांचा, आणि कुकरची शिट्टीसुद्धा त्यांना विचारून व्हायची असं मला वाटे. घर लहान, गालिचा जुना, आणि स्वयंपाकघरात एका कपाटावर देव. त्या कपाटाखालच्या खणात मांसाहाराला कधीही न लागलेली भांडी, आणि सिंकखाली एक वेगळा ट्रे, ज्यात पाहुण्या अमेरिकनांसाठी ठेवलेले कप. "त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला," काकू म्हणायच्या. मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मला पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट दिला आणि स्वतः दोन स्वेटर घालून हिंडल्या. पण उष्टं त्यांना चालत नसे, मग ते जिवंत माणसाचं असो की मेलेल्याचं.

कॉलेज संपलं की संध्याकाळी मी एका लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, काउंटरवर बसायची. लोक नोटा द्यायचे, मी मशिनसाठी क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, द्यायची. तिथे मला नाण्यांचा कान आला. म्हाताऱ्या बायका बरणीत साठवलेली नाणी घेऊन यायच्या, आणि त्यातलं एखादं काउंटरवर पडलं की देवळातल्या लहान घंटेसारखं वाजायचं. बाकीची नुसती थप्प करायची. वाजणारी नाणी चांदीची, पूर्वीची. थप्प करणारी नवी, कडेला तांब्याची रेघ असलेली. मालकाला मी विचारलं, तर तो म्हणाला, क्वार्टरच्या जागी क्वार्टर टाक आणि काय हवं ते कर. मग मी वाजणारी नाणी बाजूला काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवायला लागले. कशासाठी, ते मला ठाऊक नव्हतं. हातात चांदी आली तर ती सोडायची नाही, एवढं मिरजेत शिकून आले होते.

रविवारी मी बेट्टीकडे कामाला जायची. जत्रेच्या मोकळ्या मैदानावर जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, तिथे बेट्टीचं टेबल होतं. हिरवं फ्लॅनेल अंथरलेलं, त्यावर नुसते चमचे. बेट्टी सत्तरीची, बोटांवर तंबाखूचा पिवळा डाग, डोक्यावर नवऱ्याची टोपी. माझी तिची ओळख भांडणातून झाली. मी एका चमच्याचा भाव पाडत होते, ती पाडू देत नव्हती, आणि थंडीत आम्ही दोघी इतका वेळ उभ्या राहिलो की शेवटी ती म्हणाली, "पोरी, तू टेबलाच्या या बाजूला का येत नाहीस?" तिथून माझं आजचं सगळं उभं राहिलं. पुढे माझं स्वतःचं टेबल झालं, मग दुकान. कुणाच्या एका पैशाची मदत नाही; पण त्या वाक्याची आहे, हे कबूल करते.

बेट्टीने मला शिकवलं ते असं. यादवी युद्धाच्या आधी या देशात चांदीच्या खाणी जवळपास नव्हत्याच. घरात चांदीची नाणी साठली की लोक ती गावच्या सोनाराकडे नेत आणि वितळवून चमचे करून घेत. बँकेचा भरवसा नव्हता, आणि चोराने नाणी नेली तर ओळखणार कशी? चमच्यावर आपली अक्षरं कोरलेली असत. म्हणून याला नाण्यांची चांदी म्हणतात. तिच्यावर 'स्टर्लिंग' असा अस्सल चांदीचा शिक्का नसतो, नुसतं सोनाराचं नाव, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. शिक्का दिसत नाही म्हणून लोक ती मुलामा दिलेली समजून फुकाफुकी विकतात, आणि बेट्टीसारख्यांचं घर चालतं. चमचा पातळ, हलका, कडेला झिजलेला. झीज नेहमी डाव्या टोकाला, कारण खाणारा उजव्या हाताने खातो. चमचे पुष्कळ मिळतात. काटे मात्र दुर्मीळ. त्या काळी साधी माणसं लोखंडी काट्यांनी किंवा सुरीच्या पात्याने खायची. चांदीचा काटा म्हणजे घरात काहीतरी होतं.

आणि बेट्टीला काटे मिळाले. अर्धा डझन, एकाच हातचे, एकाच अक्षरांचे, बाहुलीच्या कमरेसारख्या दांड्यांचे. काळेकुट्ट. पुढच्या रविवारी पेनसिल्व्हेनियाहून एक गिऱ्हाईक ते पाहायला येणार होतं. बेट्टीचे डोळे अधू. सोनाराचं नाव तिला वाचता येईना. तिने ते फ्लॅनेलच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. "लायब्ररीत बस, नाव शोध, रविवारी परत आण. पुसू नकोस." पावती नाही, सही नाही. त्या देशात मला काका-काकूंखेरीज ओळखणारं कुणी नव्हतं, कॉलेजात माझं नाव कुणाला उच्चारता येत नव्हतं, आणि ही बाई सगळ्या टेबलावरची सगळ्यात मोलाची वस्तू मला घरी न्यायला देत होती. बसमध्ये मी ती पिशवी पदराखाली धरावी तशी कोटाखाली धरली होती.

तोच आठवडा नीलूताईच्या बाळंतपणाचा. नीलूताई म्हणजे काकांची मुलगी, माझ्याहून मोठी, सासर जवळच होतं पण बाळंतपणाला माहेरीच. घरभर शेपूचा आणि डिंकाचा वास. काकूंनी ओव्याची धुरी द्यायचं ठरवलं तेव्हा छताला लावलेलं, धुराचा इशारा देणारं यंत्र किंचाळायला लागलं. काकांनी खुर्चीवर चढून त्याला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली. ती टोपी मग सगळं बाळंतपणभर तिथेच होती, आणि येणारा प्रत्येक पाहुणा वर बघून विचारायचा. शनिवारी बारसं. घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडलेले, भाड्याने आणलेल्या खुर्च्या गराजमध्ये, आणि काकू फोनवर सगळ्यांना ओक ट्री रोडवर पेढे कुठे मिळतील ते सांगत होत्या. आज त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही; तेव्हा एक किराणा, एक साड्यांचं दुकान, आणि साड्यांच्या दुकानातच कोपऱ्यात काचेची पेटी घेऊन बसलेले रमेशभाई सोनार, एवढीच आपली बाजारपेठ.

शुक्रवारी मी लायब्ररीतून घरी आले ती नाचतच. काट्यांवरून उतरवून नेलेलं नाव पुस्तकात सापडलं होतं. कनेटिकटमधल्या एका लहान गावचा सोनार. पिशवी काढायला पलंगाखाली हात घातला. पिशवी होती, पण सपाट.

काकू स्वयंपाकघरात खोबरं किसत होत्या. मी विचारलं, तर चेहरा फुलवून म्हणाल्या, "अगं, तुला सांगायचंच राहिलं! वाळे आले बघ." आणि देवासमोरचा डबा उघडून दाखवला. त्यात घुंगरांचे वाळे, एक वाटी, दूध पाजायचं एक बोंडलं. लखलखीत. "मावशीकडून बाळाला. मंडळी विचारतील ना, वसूने काय दिलं. तू कुठून आणणार? म्हटलं, पोरीने बाजारातून मोडीला चांगली चांदी आणून ठेवलीय, तीच घालू. सकाळी रमेशभाईंना देऊन आले."

आपल्याकडे जुनी चांदी म्हणजे मोड. वाकलेला तांब्या, तुटलेलं पैंजण, काळी पडलेली अत्तरदाणी, सगळं सोनाराकडे जातं आणि नवं होऊन येतं. त्यात कुणाला दुःख होत नाही. उलट चांदी घरात फिरती राहिली म्हणून बरं वाटतं. काकूंच्या डोळ्यांनी पाहिलं तर त्यांनी माझी अब्रू राखली होती. पण ते मला आज दिसतं. तेव्हा मी ओरडले.

"ते माझे नव्हते, काकू!"

"म्हणजे? कुणाचे?"

"बेट्टीचे! विश्वासाने दिलेत तिने! रविवारी परत द्यायचेत!"

"मग बाळंतिणीच्या खोलीशेजारी आणलेस कशाला? कुणाकुणाच्या तोंडातले, मांसाला लागलेले, मेलेल्या माणसांचे काटे!"

"मेलेल्यांचे काटे चालत नाहीत, मग त्याच काट्यांचे वाळे बाळाच्या पायात कसे चालतात?"

"आगीतून गेलं की शुद्ध होतं, एवढंही तुला ठाऊक नाही?"

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आत बाळ उठून रडायला लागलं, नीलूताई भिंतीवर थापा मारत होती, आणि मी "चोर ठरेन मी, चोर!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. खरी भीती तीच होती. सहा काट्यांची किंमत कशीही भरता आली असती. पण बेट्टीच्या टेबलामागची ती जागा गेली असती, आणि त्या मैदानावर प्रत्येक टेबलाने मला बघून आपली चांदी जवळ ओढली असती.

काका किल्ल्या घेऊन दारात उभे होते. "चल," म्हणाले. मी पलंगाखालचा बिस्किटांचा डबा उचलला.

त्यांनी गाडी काढली. मग म्हणाले, "किती ओरडतेस गं. तुझ्या आजोबांवर गेलीस." मी म्हटलं, "वाळे परत मागायचे नाहीत, काका. वाळे बाळाचे." ते म्हणाले, "मग देणार काय?" मी डबा हलवला. तो वाजला.

रमेशभाई दुकान आवरत होते. काचेवर एका फडक्यावर काटे पडले होते. पाच अखंड. सहावा दांड्यात मधोमध कापलेला, कस बघायला. मी कापलेला बाजूला सरकवून बाकीचे पुन्हा मोजले. पण पाच होते. पाच होते! भट्टीला सोमवारी जाणार होते.

"बेटा, हिसाब हो गया," रमेशभाई म्हणाले. "काकूबेन माल घेऊन गेल्या."

"माल राहू द्या त्यांच्याकडे. मला माझी मोड परत हवी. वजनाला वजन देते." आणि मी डबा काचेवर रिकामा केला. चांदीची नाणी एकदम पडली की जो आवाज होतो तो ज्याने ऐकलाय त्यालाच ठाऊक. साड्यांच्या बाजूचा मालकसुद्धा मान वळवून बघायला लागला.

रमेशभाईंनी एक नाणं उचललं, भिंगाखाली धरलं. "यात तांबं आहे. शुद्ध नाही."

"काट्यांचा कस किती लागला?"

त्यांनी भिंग पुसायला घेतलं.

"सांगा ना. कापून पाहिलात तुम्ही."

"नव्वद."

"आणि या नाण्यांचा?"

त्यांनी कसोटीवर घासलं, थेंब टाकला, पाहिलं, आणि माझ्याकडे पाहून हळूच हसले. "नव्वद."

"होणारच. हे काटे अशाच नाण्यांचे केलेत. जे त्यात आहे तेच यात आहे. आता तराजू काढा."

तराजू काढला. एका पारड्यात काटे, कापलेल्याचे दोन्ही तुकडे मी स्वतः ठेवले, दुसऱ्यात नाणी. डबा संपला आणि काट्यांचं पारडं अजून जरासं खालीच. काका धावत गाडीकडे गेले आणि टोलसाठी ठेवलेले क्वार्टर मूठभर घेऊन आले. रमेशभाईंनी त्यातलं एक काचेवर टाकलं. थप्प. दुसरं. थप्प. काकांचा चेहरा असा पडला की मला त्या अवस्थेतही हसू आलं.

"थोडी तूट आहे," रमेशभाई म्हणाले. "घडणावळ आहे. मेहनत आहे."

"मेहनत कापायची ना? काटा न विचारता कापलात. अखंड काटा आणि दोन तुकडे यांत फरक किती, ते आधी सांगा. तो फरक तुमच्या तुटीतून वजा करू, आणि उरेल ते मी देते."

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते. "साहेब, या मुलीला माझ्याकडे कामाला पाठवा," रमेशभाई म्हणाले, आणि काटे फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिले. परतीच्या वाटेवर मी काट्यांचं फडकं मांडीवर धरून रडले. दुःखाने नव्हे. श्वास परत आला की रडू येतं, तसं.

बारसं थाटात झालं. अनघा नाव ठेवलं, वाळे पायात वाजले, घुगऱ्या वाटल्या. आणि घुगऱ्यांबरोबर ती गोष्टही वाटली गेली. मी ओरडले हे भिंतीपलीकडे ऐकू गेलं होतं. मी सोनाराकडे धावले हे साड्यांच्या दुकानाने पाहिलं होतं. मधलं कुणाला ठाऊक नव्हतं. "बाळाच्या वाळ्यांवरून भांडली म्हणे!" माझ्यादेखत एक बाई काकूंना म्हणाली. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी नुसता पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "घुगऱ्या घ्या ना अजून." हा माझा सल. वाळे जागेवर होते, माझा डबा रिकामा झाला होता, आणि काकू घुगऱ्या वाढत होत्या.

रविवारी मी बेट्टीच्या टेबलावर पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. न थांबता, एका दमात. तिने कापलेले तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले. मग म्हणाली, "या देशात काय झालं वाटतं तुला? आधी नाण्यांचे चमचे केले, मग आजीचे चमचे वितळवून आईला नवे केले. ज्यांच्या घरात तुझ्या आंटीसारखी बाई नव्हती त्यांचेच उरले." तिने सिगारेट पेटवली. "कापलेला तुझा. आजची मजुरी नाही."

"अर्धी मजुरी," मी म्हटलं. "नाव मी शोधलंय."

ती इतकी हसली की खोकला लागला. अर्धी मिळाली. पेनसिल्व्हेनियाच्या गिऱ्हाइकाने पाच काटे घेतले, आणि भाव मला करू दिला बेट्टीने. कापलेला काटा आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. डाग देऊन जोडून देतो म्हणणारे खूप भेटले. मी जोडला नाही.

गेल्या महिन्यात अल्फारेटाला गेले होते, नीलूताईकडे. काकू आता तिच्याकडे असतात. काका गेल्यावर त्यांचा आवाजही अर्धा गेला. मी चार दशकं त्यांच्याशी नीट बोलत होते, वाकून नमस्कार करत होते, आणि आत एक दार बंद ठेवून होते. अनघा आली होती, आता स्वतःची मुलं असलेली. मला बघितल्याबरोबर मिठी मारून म्हणाली, "मावशी, टेल मी वन्स अँड फॉर ऑल. डिड यू ॲक्च्युअली टेक बॅक माझे वाळे?" मी काही म्हणायच्या आत काकू खुर्चीतून म्हणाल्या, "नाही. हिने नाणी दिली होती. डबाभर. रमेशभाईंनी सांगितलं मला, त्याच आठवड्यात."

मी म्हटलं, "ठाऊक होतं तुम्हाला? मग तेव्हा बोलला का नाहीत, काकू?"

"तू माझ्या घरात, बाळंतीण आत असताना, मला चोर म्हणालीस."

"मी मला चोर म्हणत होते!"

"असं होय?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, मला."

नीलूताईने जेवण वाढलं. काकूंचा हात आता थरथरतो. स्टीलचा जड चमचा तोंडापर्यंत जाईस्तो निम्मा वरणभात मांडीवर. नीलूताई भरवायला गेली की त्या तोंड मिटून घेतात. माझ्या पर्समध्ये वाटेत घेतलेला एक चमचा होता. पातळ, डाव्या कडेला झिजलेला, दांड्यावर कुणा बाईची तीन अक्षरं. मी तो धुऊन त्यांच्या हातात दिला. हात थरथरला, पण चमचा इतका हलका की तोंडापर्यंत पोचला. एकदा. पुन्हा. वरणभात संपला. मग त्यांनी चमचा डोळ्यांजवळ नेला.

"चांदीचा?"

"हो."

"किती दिलेस?"

मी सांगितलं.

"जास्त दिलेस," काकू म्हणाल्या आणि चमचा ताटाशेजारी, उजव्या हाताला, नीट ठेवला. "हा राहू दे इथे."

"काकू, उष्टा आहे तो. कुणाकुणाच्या तोंडातला."

"असू दे," त्या म्हणाल्या. "आता माझा उष्टा."